चेरी क्यूक्यूची पार्श्वभूमी, आणि मॅटिझच्या दरवाजांची भानगड

चेरी या चिनी कंपनीची क्यूक्यू ही छोटी गाडी भारतात कधी आली नाही, तरी फोटो दाखवला की आपल्याकडचा माणूस पटकन "अरे ही तर मॅटिझ" म्हणतो. तेच गोल डोळे, तोच फुगीर चेहरा. मग पुढचं वाक्य ठरलेलं, चिनी लोक काय, कॉपीच करणार. आता कॉपी नव्हती असं मी म्हणत नाहीये, माझंही मत बऱ्यापैकी तिकडेच झुकतं, पण या गाडीचं मूळ शोधायला गेलं की कोणी कोणाचं काय घेतलं याचा धागा इतक्या ठिकाणी जातो की नुसतं कॉपी म्हणून सोडून देणं आळशीपणाचं वाटतं.

सुरुवात मॅटिझपासूनच करावी लागते. तिचं डिझाइन इटलीतल्या एका प्रसिद्ध स्टुडिओचं आणि ते मुळात मॅटिझ बनवणाऱ्या देवूसाठी केलेलंच नव्हतं. १९९३ मधे त्या स्टुडिओनं फियाटच्या चिंक्वेचेंतोच्या सांगाड्यावर लुचोला नावाची एक कन्सेप्ट केली होती, लुचोला म्हणजे काजवा. फियाटनं ती घेतली नाही, आणि फिरत फिरत ती कोरियात देवूकडे गेली. खालचा सांगाडा देवूच्या टिकोवरून आलेला, टिको म्हणजे लायसन्स घेऊन बनवलेली सुझुकी आल्टो, आणि ७९६ सीसीचं इंजिन सुझुकीच्या ज्या घराण्यातलं आहे त्याच घराण्यातलं आपल्या मारुती ८०० मधे होतं. म्हणजे १९९८ साली जी मॅटिझ सँट्रो आणि इंडिकाच्या बरोबरीनं आपल्या रस्त्यावर उतरली तिचा चेहरा फियाटनं नाकारलेला आणि पोटात सुझुकी. फक्त तिथे सगळ्यांनी सगळ्यांना पैसे दिले होते, हा फरक लक्षात ठेवायचा.

आता चीनमधे. आनह्वेई प्रांतातल्या वूहू शहरात १९९७ मधे तिथल्या स्थानिक सरकारनं चेरी उभी केली. चीनमधे तेव्हा कार बनवायची तर केंद्राची परवानगी लागायची, मंजूर मॉडेलच्या यादीत नाव असावं लागायचं, आणि या शहराकडे ते काहीच नव्हतं. फोर्डची ब्रिटनमधली जुनी इंजिन लाइन विकत आणली, १९९९ च्या डिसेंबरमधे पहिली गाडी बाहेर काढली, फंगयुन नावाची, जी सरळसरळ फोक्सवॅगनच्याच सिआट कंपनीच्या टोलेडोच्या बॉडीवर बेतलेली होती. विकायची परवानगी नाही म्हणून सुरुवातीच्या गाड्या शहरातच टॅक्सी म्हणून लावल्या. गावच्या कारखान्याला गावानंच गिऱ्हाईक पुरवलं. हा प्रकार आपल्या सहकारी कारखान्यांच्या राज्यात कोणाला वेगळा समजावून सांगायला नको.

यातून मार्ग काढला तो असा की २००१ मधे चेरीनं आपले २० टक्के शेअर शांघायच्या एका बड्या सरकारी कंपनीला जवळपास फुकटात दिले आणि बदल्यात तिच्या नावाखाली यादीत शिरली. ही शांघायवाली कंपनी म्हणजे फोक्सवॅगनची पण भागीदार आणि जनरल मोटर्सची पण. फंगयुनवरून फोक्सवॅगननं आवाज उठवला, तो विषय कसाबसा मिटवला गेला. पण खरी गंमत २००२ मधली आहे. देवू तोपर्यंत बुडाली होती, नोव्हेंबर २००० मधे दिवाळं निघालं, आणि जनरल मोटर्सनं तिचा चांगला भाग उचलून ऑक्टोबर २००२ मधे जीएम देवू नावाची नवी कंपनी काढली. (भारतातला सूरजपूरचा कारखाना त्यात घेतला नाही, म्हणून आपली मॅटिझ अनाथ झाली.) या नव्या कंपनीत सुझुकीचा हिस्सा १४.९ टक्के, आणि त्याच शांघायच्या कंपनीचा सुमारे १० टक्के. म्हणजे ज्यांच्याकडे मॅटिझचे हक्क आले त्यांच्यात ती भागीदार, आणि जी कंपनी मॅटिझसारखी गाडी काढणार होती तिच्यातही भागीदार. एकाच पंगतीत दोन्हीकडून वाढून घेतल्यासारखं. पुढे हे अवघड व्हायला लागल्यावर तिनं चेरीतून अंग काढून घेतलं.

क्यूक्यू आली २००३ च्या मध्याला, किंमत ५० हजार युआनच्या आत, आणि जाहिरातीचा सगळा रोख तरुणांची पहिली गाडी असा. जनरल मोटर्सची योजना अशी होती की मॅटिझच शेवरोले स्पार्क म्हणून दक्षिण चीनमधल्या लिउचौच्या वुलिंगबरोबरच्या भागीदारीत बनवायची. ती स्पार्क आली २००३ च्या डिसेंबरमधे. म्हणजे कॉपी आधी आली आणि ओरिजिनल सहा महिन्यांनी, वर ओरिजिनल महाग. शोरूममधल्या गिऱ्हाइकाला कोण कोणासारखी दिसते याच्याशी काय घेणंदेणं, त्यानं स्वस्त उचलली. क्यूक्यू लाखांनी खपली आणि स्पार्क तिच्या मागे रखडत राहिली.

आता दरवाजांची भानगड. जनरल मोटर्सच्या लोकांनी दाखवून दिलं की क्यूक्यूचा दरवाजा काढून मॅटिझला लावला तर काहीही न घासता न ठोकता बसतो. बघून बघून चित्र काढलं तर दोन चित्रं सारखी दिसतील, पण दरवाजा बिजागरीसकट बसायचा म्हणजे मोजमाप मिलिमीटरपर्यंत तंतोतंत पाहिजे. एक तर कोणीतरी मॅटिझ खोलून एकेक पॅनल मोजलं किंवा मूळ ड्रॉइंगच हातात होती.  जीएम देवूनं असाही आरोप केला की चेरीनं धडक चाचणीसाठी जी गाडी क्यूक्यू म्हणून धडकवली ती प्रत्यक्षात मॅटिझच होती. चेरीनं हे सगळं नाकारलं, गाडी आम्हीच बनवली म्हणाले. माझ्या मते दरवाजाच्या पुराव्याला त्यांच्याकडे कधीच नीट उत्तर नव्हतं. अर्थात २००० ते २००२ मधे देवूची जी वाताहत झाली होती, कंपनी कोणाची हेच ठरत नव्हतं, त्या काळात काय कुठून कुठे गेलं असेल हे ज्याचं त्यानं समजावं.

समेटाचे प्रयत्न फसल्यावर डिसेंबर २००४ मधे शांघायच्या कोर्टात केस गेली आणि तिथून ती बीजिंगला हलवली गेली. इथे कायद्याचा एक मुद्दा समजून घेतला पाहिजे, तो नेहमी गाळला जातो. गाडीच्या दिसण्याला संरक्षण मिळतं ते डिझाइन पेटंटचं, आणि ते देशोदेशी वेगळं घ्यावं लागतं. त्यात अट ही की अर्ज करताना डिझाइन नवं असलं पाहिजे. मॅटिझ १९९८ पासून जगभर रस्त्यावर होती, त्यामुळे तेव्हा चीनमधे अर्ज केला नसेल तर नंतर कितीही कागद घेऊन गेलात तरी खिडकी बंद. म्हणून ती केस उभी राहिली ती अनुचित स्पर्धेच्या कायद्याखाली, म्हणजे तुम्ही आमचं गुपित वापरलंत या अंगानं, आणि ते सिद्ध करणं फार जड जातं. त्यात केस चालू असतानाच केंद्रातला एक उपमंत्री आणि बौद्धिक संपदा कार्यालयातला एक मोठा अधिकारी जाहीरपणे चेरीच्या बाजूनं बोलले, पेटंट नसेल तर तक्रार कसली अशा थाटात. अंपायरच फलंदाजाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिल्यावर अपील करून काय होणार. नोव्हेंबर २००५ मधे दोन्ही पक्षांनी तडजोड केली, अटी बाहेर आल्या नाहीत, आणि क्यूक्यू विकली जातच राहिली.

यात मी जनरल मोटर्सला गरीब बिचारी मानत नाही हेही सांगतो. देवूच्या दिवाळखोरीतून त्यांनी मॅटिझ स्वस्तात उचलली, आणि चीनचे कागद नीट तपासायचं काम विकत घेणाऱ्याचंच असतं. चीनमधे तेव्हा भागीदारी मिळावी म्हणून सगळेच मान खाली घालून होते, त्यामुळे केस लढायची पण फार ताणायची नाही असं त्यांचं एकूण दिसतं.

नावांचा गोंधळ तर अजून वेगळा. कंपनीचं चिनी नाव छिरुई, त्याचं इंग्रजी चेरी, म्हणजे आनंदी या अर्थाच्या शब्दातला एक ई कमी. ते शेवरोलेच्या शेवी या लाडक्या नावाच्या फार जवळ जातं म्हणून अमेरिकेत जनरल मोटर्सनं आक्षेप घेतला. आणि क्यूक्यू हे त्या काळी चीनमधल्या प्रत्येक पोराच्या कॉम्प्युटरवर असलेल्या मेसेंजरचं नाव, त्यामुळे तरुणांना नाव शिकवायला वेगळा खर्चच नाही. त्या मेसेंजरवाल्यांशीही कारसाठीच्या ट्रेडमार्कवरून भांडण झालं, बरीच वर्षं चाललं, आणि गंमत म्हणजे तिथेही शेवटी चेरीच जिंकली. पुढे क्यूक्यू६ आणि क्यूक्यूमी आल्या ज्यांचा मूळ गाडीशी नावापुरताच संबंध, म्हणून जुनीला क्यूक्यू३ म्हणायला लागले. इराणमधे तीच एमव्हीएम ११० झाली आणि रशियात स्वीट. सेकंडहँड जाहिराती वाचताना हे माहीत नसलं की डोकं फिरतं.

इंजिनाच्या बाबतीत चेरीनं खरंच मेहनत घेतली, हे मान्य करायला पाहिजे. सुरुवातीच्या १.१ लिटरच्या क्यूक्यूत बाहेरून घेतलेलं ४६५ जातीचं इंजिन होतं, ज्याचं मूळ परत सुझुकीच, म्हणजे मॅटिझ आणि क्यूक्यू पोटातूनही लांबच्या चुलतबहिणी. पण नंतर ऑस्ट्रियातल्या एका इंजिन डिझाइन कंपनीला पैसे देऊन चेरीनं स्वतःची मालिका बनवून घेतली आणि क्यूक्यूला ८१२ सीसीचं तीन सिलिंडरचं स्वतःचं इंजिन मिळालं. कातडं उचललं असेल, काळीज मात्र पुढे स्वतःचं बसवलं. २००७ मधे आलेली ए१ ही हॅचबॅक इतकी बरी होती की क्रायस्लरनं ती आपल्या डॉज या ब्रँडखाली लॅटिन अमेरिकेत विकायचा करार केला, पण डिसेंबर २००८ मधे मंदीच्या तडाख्यात तो मोडला. २०११ पासून क्यूक्यू ब्राझीलमधे विकली जायला लागली आणि नंतर तिथल्या झाकारेईच्या कारखान्यात नव्या पिढीची क्यूक्यू बनायलाही लागली.

आपल्याकडे या गोष्टीचं टोक तळेगावला येऊन टेकतं. शेवरोले स्पार्क, म्हणजे मॅटिझचीच पुढची पिढी, २००७ मधे गुजरातमधल्या हलोलहून आपल्याकडे आली आणि मग २००८ ला सुरू झालेल्या तळेगावच्या कारखान्यातही बनली. जनरल मोटर्सनं २०१७ अखेर इथली विक्री बंद केली, २०२० च्या डिसेंबरपर्यंत तळेगावातून फक्त निर्यात चालू ठेवली. तो कारखाना घ्यायला जानेवारी २०२० मधे पुढे कोण आलं, तर ग्रेट वॉल. ही तीच कंपनी जिची पेरी नावाची छोटी हॅचबॅक २००८ मधे इटलीतल्या तुरीनच्या कोर्टानं फियाट पांडाची नक्कल ठरवून युरोपात बंद केली होती, आणि त्याच वर्षी चीनमधल्या कोर्टात मात्र फियाट हरली होती. गलवाननंतर सरकारी परवानगी अडली ती अडलीच, २०२२ मधे ग्रेट वॉलनं नाद सोडला आणि २०२३ मधे कारखाना ह्युंदाईकडे गेला. चेरीशी आपलं नातं मात्र वेगळ्याच दारानं जुळलं, २०१२ मधे टाटांच्या जग्वार लँड रोव्हरनं चीनसाठी भागीदार निवडला तो चेरीच.

क्यूक्यू नाव अजून जिवंत आहे. २०२१ च्या शेवटी चेरीनं क्यूक्यू आइस्क्रीम नावाची पिटुकली इलेक्ट्रिक गाडी काढली, पण यावेळी क्रम उलटा होता. २०२० मधे वुलिंगनं, हो तीच लिउचौची स्पार्कवाली, होंगग्वांग मिनी ईव्ही आणून धुमाकूळ घातला होता आणि आइस्क्रीम तिच्याच वाटेनं मागून आली. त्याच वुलिंगची एअर ईव्ही आपल्याकडे एमजी कॉमेट म्हणून मिळते, आणि ती बनते हलोलला, जिथे आधी स्पार्क बनायची त्याच कारखान्यात, यावेळी सगळे कागद रीतसर.