बीरॅफ जनुक आणि पेशीवार्धक्य

बीरॅफ हे मानवाच्या सातव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील जनुक असून त्यापासून ७६६ अमिनो आम्लांचे एक संकेतवाहक प्रथिन तयार होते. हे प्रथिन किनेझ वर्गातील, म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट गट जोडून त्याला कामाला लावणारे विकर आहे. पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा संदेश येऊन पोहोचला की रॅस हे प्रथिन जागे होते, रॅस बीरॅफला जागे करते, बीरॅफ मेक नावाच्या किनेझाला व मेक पुढे अर्क नावाच्या किनेझाला फॉस्फेट देते आणि अखेर केंद्रकात विभाजनाची जनुके चालू होतात. संदेश थांबला की ही साखळी शांत होते. वाढीला चालना देणे एवढेच काम असलेले हे जनुक बिघडले असता पेशीला कर्करोगाकडे नेते, पण त्याआधी बहुतेक वेळा तिला म्हातारी करून थांबवते.

इंग्लंडमधील सँगर संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात २००२ साली असे आढळले की, मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत बीरॅफ बदललेले असते आणि हा बदल बहुधा एकाच ठिकाणी असतो. प्रथिनातील ६००व्या जागेवरील व्हॅलीन हे अमिनो आम्ल जाऊन तेथे ग्लुटामिक आम्ल येते. (सुरुवातीच्या शोधनिबंधांत हीच जागा ५९९वी म्हणून छापलेली आहे. जनुकाचा मूळ क्रम नोंदवताना चूक झाली होती आणि ती नंतर सुधारण्यात आली.) डीएनएमध्ये पाहिले तर हा केवळ एका अक्षराचा फरक आहे : थायमिनाच्या जागी ॲडेनिन येते. ग्लुटामिक आम्लाच्या ऋणभारामुळे किनेझाचा आकार फॉस्फेट जोडल्यासारखा होतो, त्याची क्रियाशीलता शेकडो पटींनी वाढते आणि रॅसचा संदेश असो वा नसो, ते चालूच राहते.

एवढ्यावरून बीरॅफवर कर्करोगजनुकाचा शिक्का बसला असता, तर गोष्ट सरळ होती. पण २००३ साली साध्या, निरुपद्रवी तिळांच्या तपासणीतही बहुसंख्य तिळांत नेमका हाच बदल सापडला. तीळ म्हणजे त्वचेतील एका रंगद्रव्यपेशीची संतती असते. बदल झालेली पेशी बालपणी किंवा तारुण्यात वेगाने विभागते, काही मिलिमीटरांचा ठिपका तयार होतो आणि मग वाढ थांबते, ती बहुधा कित्येक दशके. आपल्याकडे गालावरच्या तिळात सौंदर्य आणि तळहातावरच्या तिळात भाग्य पाहतात. पेशीविज्ञानाच्या दृष्टीने मात्र तो वेळीच अडवल्या गेलेल्या गाठीचा नमुना आहे.

अडवणाऱ्या या प्रक्रियेला पेशीवार्धक्य म्हणतात. लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवले होते की, प्रयोगशाळेत वाढवलेल्या सामान्य मानवी पेशी सुमारे ५० विभाजनांनंतर थांबतात. गुणसूत्रांची टोके झिजणे हे त्यामागचे कारण नंतर उलगडले. पुढे १९९७ साली मॅन्युएल सेरानो, स्कॉट लो आणि सहकाऱ्यांनी सामान्य पेशींत बिघडलेले रॅस घातले, तेव्हा टोके झिजण्याइतकी विभाजने होण्यापूर्वीच पेशींना वार्धक्य आले. प्रत्यक्ष मानवी शरीरात असे घडते का, ही शंका उरली होती. ॲमस्टरडॅम येथील डॅनिएल पीपर यांच्या गटाने २००५ साली तिळांवरील अभ्यासातून तिला बऱ्याच अंशी उत्तर दिले. बदललेले बीरॅफ घातलेल्या रंगद्रव्यपेशी थांबल्या आणि तिळांतील पेशींतही वार्धक्याची खूण मानले जाणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे विकर सापडले. त्यांच्या गुणसूत्रांची टोके मात्र फारशी झिजलेली नव्हती. या विकराच्या चाचणीत वृद्ध पेशी निळ्या दिसतात.

पेशीला थांबवणाऱ्या प्रथिनांमध्ये पी१६ महत्त्वाचे आहे. ते विभाजनचक्र पुढे ढकलणाऱ्या किनेझांना रोखून धरते. तरीही तिळाचा पातळ छेद पी१६साठी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर काही पेशी गडद रंगतात आणि शेजारच्या, तशाच थांबलेल्या पेशी कोऱ्या राहतात. म्हणजे पी१६ हा एकमेव पहारेकरी नव्हे. वृद्ध पेशी बाहेर सोडत असलेली इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ ही दाहकारक द्रव्येही वार्धक्य टिकवण्यास हातभार लावतात, असे २००८ मध्ये दिसून आले; हीच द्रव्ये शेजारच्या ऊतकात दाह वाढवून गाठीला पोषकही ठरू शकतात. तिळातील थांबलेपणाला खरे वार्धक्य म्हणावे की केवळ वाढीचा विराम, यावर अद्याप एकमत नाही, आणि ‘तीळ म्हणजे वृद्ध पेशी’ असे सरसकट विधान टाळलेले बरे.

पहारा मोडला की कर्करोगाची वाट खुली होते. नवव्या गुणसूत्रावरील पी१६चे जनुक नष्ट होणे, पीटेन हे नियंत्रक प्रथिन गमावणे किंवा गुणसूत्रांची टोके पुन्हा बांधणाऱ्या टेलोमरेझाचे जनुक चालू होणे, असे बदल मेलॅनोमात वारंवार दिसतात. उंदरांच्या रंगद्रव्यपेशींत बदललेले बीरॅफ आणि पीटेनचा अभाव एकत्र आणल्यावर मेलॅनोमा झपाट्याने होतो. मात्र एखादा ठरावीक तीळ कर्करोगात बदलण्याची शक्यता अत्यल्प असते आणि बहुसंख्य मेलॅनोमा तिळाविना, स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेतच उद्भवतात. भारतीयांत हा रोग मुळात विरळ आहे. तो बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो आणि अशा गाठींत बीरॅफचा हा बदल तुलनेने कमी आढळतो. थायरॉइडच्या पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगात तो बराच आढळतो, तर हेअरी सेल या रक्ताच्या कर्करोगात जवळजवळ प्रत्येक रुग्णात.

बदललेल्या बीरॅफला रोखणारे व्हेमुराफेनिब हे औषध अमेरिकेत २०११ साली मान्य झाले. गाठी आठवड्यांत आक्रसू लागतात, पण अनेक रुग्णांत काही महिन्यांनी पेशी दुसरी वाट काढतात. म्हणून आता मेकला रोखणारे औषधही जोडीला देतात. व्हेमुराफेनिबचा एक उलटा परिणामही दिसला. ज्या पेशींत बीरॅफ शाबूत पण रॅस बिघडलेले असते, तेथे औषध बीरॅफ व त्याच्या भावंड-प्रथिनांच्या जोड्या जुळवून तीच साखळी अधिक चालवते, आणि काही रुग्णांच्या त्वचेवर खवलेपेशींच्या नव्या गाठी उठतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे औषध एकटे फारसे चालत नाही, कारण बीरॅफ बंद होताच पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर हा वाढीचा संदेश स्वीकारणारा ग्राहक चेतवला जातो. तेथे दोन्ही एकदम रोखावे लागतात.