जुन्या बागांची पांढरी वाइन: केपमध्ये काय झालं आणि नाशिकला काय नाही झालं

नाशिक जिल्ह्यात कुणाला बागेचं वय विचारलं आणि उत्तर पंधराच्या वर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग काढताय कधी? ओलांडे, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्या, मोकळे पडायला लागले, फूट एकसारखी निघेना, घड कमी, की बाग म्हातारी झाली, जेसीबी बोलवा, डॉगरिजचा खुंट लावा, त्यावर नवी व्हरायटी चढवा. यात चूक काही नाही, हिशेब टनाचा आहे आणि बँकेचा हप्ता टनावरच फिटतो. पण नाशिकच्या पांढऱ्या वाइनचा बराचसा भार जिच्यावर आहे ती शेनिन ब्लां ही द्राक्षाची जात, तिच्या जगात नाव काढलेल्या बाटल्यांमधल्या कितीतरी आज अशा बागांमधून येतात ज्यांच्याकडे कित्येक वर्षं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. या बागा दक्षिण आफ्रिकेत, केप भागात आहेत. त्या वाचल्या कशा हे बघितलं तर त्यात प्रेमबिम फार कमी आहे, पडलेले भाव आणि एक सरकारी पद्धतीचं रजिस्टर हेच जास्त आहे.

शेनिन मूळची फ्रान्सची, लुआर नदीच्या खोऱ्यातली. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणं बसवलं ते पूर्वेकडच्या मसाल्याच्या जहाजांना भाजीपाला-पाणी मिळावं म्हणून, आणि तिथला कमांडर यान फान रीबेक याने १६५५ मध्ये युरोपातून वेली मागवल्या. त्यात शेनिनही होती असं मानतात. २ फेब्रुवारी १६५९ ला त्याने डायरीत लिहून ठेवलं की आज केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाली. पुढे तिकडे या जातीला स्टीन म्हणायला लागले आणि ती इतकी पसरली की आज फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन दक्षिण आफ्रिकेत आहे.

पसरली ती चवीमुळे मात्र नाही. शेनिन उन्हातही आंबटपणा धरून ठेवते आणि माल भरपूर देते, म्हणजे कारखान्याला हवी तशी. १९१८ मध्ये केडब्ल्यूव्ही नावाची मोठी सहकारी संस्था निघाली, जास्तीचा माल उचलायचा आणि भाव पडू द्यायचा नाही हे तिचं काम, नंतर १९५७ पासून कोटा आला, कुणी किती पिकवायचं तेही वरून ठरायला लागलं. (आपल्या साखरपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.) शेतकरी द्राक्षं सोसायटीच्या टाकीत ओतायचा, चांगली बाग वाईट बाग सगळं एकत्र, आणि त्यातलं बरंचसं पुढे ब्रँडीच्या भट्टीला जायचं. १९५९ मध्ये लीबरस्टाइन नावाची स्वस्त, जरा गोडसर पांढरी वाइन बाजारात आली आणि १९६४ साली तिचा खप ३ कोटी १० लाख लिटरवर गेला, त्या काळात बाटलीबंद वाइनमध्ये जगात सगळ्यात जास्त. त्यात शेनिन होतीच. म्हणजे ज्या वेलींचं आज कौतुक चाललंय त्यातल्या अनेक लावल्या गेल्या त्या या असल्या मालासाठी, कुणी पुढच्या शंभर वर्षांचा विचार करून नव्हे.

मग १९९० नंतर सगळंच पालटलं. वर्णभेद संपत आला, निर्बंध उठले, १९९२ मध्ये कोटा गेला, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला हवी होती काबर्ने, शिराझ, शार्दने. ज्यांच्याकडे पैसा आणि पाणी होतं त्यांनी जुनी शेनिन धडाधड उपटली. स्वार्टलांड आणि ओलिफांट्स नदीच्या डोंगरात, म्हणजे गव्हाच्या आणि कोरडवाहू पट्ट्यात, बऱ्याच जणांकडे हे दोन्ही नव्हतं. तिथल्या वेली मांडवावर नाहीत, तारेवर नाहीत, झुडपासारख्या जमिनीलगत वाढलेल्या, ठिबक नाही, हेक्टरी दोन-तीन टन माल. उपटायलाही खर्च येतो, तो परवडेना म्हणून त्या उभ्या राहिल्या. मला या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात खरा वाटतो, कारण नंतर वायनरीवाल्यांनी सांगितलेल्या कहाण्यांमध्ये वारसा, आजोबा, माती हे सगळं येतं पण परवडत नव्हतं हे कुणी सांगत नाही.

स्वार्टलांडमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी चार्ल्स बॅक यांनी स्पाइस रूट ही वायनरी सुरू केली, तिथे एबेन सेडी नावाचा तरुण वाइनमेकर होता. त्याने पुढे स्वतःचं काम काढलं आणि २००२ पासून पॅलेडियस नावाची पांढरी वाइन करायला लागला, अनेक जुन्या बागांची मिसळ, मुख्य शेनिन. नंतर एकेका बागेची वेगळी बाटली. त्यातली स्कुर्फबर्ग ओलिफांट्सच्या डोंगरातली, मेव्रौ कर्स्टन स्टेलनबोशची, आणि ट वूटपाड तर अशा बागेची जिथे सेमिलों, पालोमिनो, शेनिन, मस्कत सगळं एकाच रानात मिसळून लावलेलं. सोसायटीच्या टाकीत जे इतकी वर्षं विरघळत होतं ते पहिल्यांदा वेगळं चाखलं गेलं.

आता रजिस्टर. रोझा क्रूगर या बाईंनी २००२ च्या सुमारास जुन्या बागा शोधायला सुरुवात केली, आधी गाडी घेऊन गावोगाव विचारत. पण तिकडच्या वाइन उद्योगाकडे, सॉइस नावाच्या संस्थेत, प्रत्येक प्लॉटची लागवड कोणत्या सालची, जात कोणती, याची नोंद होती, सगळ्यांच्या नाकाखाली पडून. ती यादी हाती आल्यावर काम सोपं झालं. २०१६ मध्ये ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट रीतसर उभा राहिला, २०१८ पासून ३५ वर्षांवरच्या बागेच्या बाटलीला शिक्का मिळायला लागला आणि त्या शिक्क्यावर लागवडीचं साल छापलेलं असतं. गिऱ्हाइकाला साल दिसलं की ते जास्त पैसे देतं, शेतकऱ्याला जास्त भाव गेला की तो बाग ठेवतो, आणि काही वायनऱ्या तर टनाऐवजी हेक्टरवर पैसे द्यायला लागल्या, कारण दोन टनावर टनाचा भाव घेऊन कुणाचं घर चालणार.

चवीत फरक पडतो का? पडतो, पण कशामुळे यावर अजून वाद चालतात. माल कमी, मणी लहान, मुळं खोल गेलेली त्यामुळे उन्हाळ्यात वेल एकदम ताणावर येत नाही, खोडात अन्नसाठा जास्त. पण काही जुन्या वेलींत लीफरोल हा पानं गुंडाळणारा व्हायरसही असतो आणि माल कमी असण्यात त्याचाही हात असतो, हे विसरून चालत नाही. जुनी आहे म्हणून चांगली असं नसतं, वाईट जागची जुनी बाग वाईटच. वाइनमेकर पण इथे हात आवरता ठेवतात, पूर्ण घडच प्रेसमध्ये, बाहेरचं यीस्ट नाही, वापरलेली जुनी लाकडी पिंपं म्हणजे लाकडाची चव येऊ नये, आणि तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर कित्येक महिने मुरवायची. निघते ती वाइन फळांच्या वासापेक्षा तोंडात जड, किंचित खारट, आंबटपणा शेवटपर्यंत टिकणारा.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट झालं. नाशिकच्या द्राक्षाची सुरुवात सांगताना १९२५ आणि ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांचं नाव येतं, ती खायची द्राक्षं. वाइन फार नंतरची. नारायणगावला इंडेज या कंपनीने १९८० च्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीची वाइन काढली, आणि नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये सुला या वायनरीची वाइनची द्राक्षं लावली, २००० मध्ये पहिल्या बाटल्या आल्या त्या शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करात सूट मिळाली, विंचूरला वाइन पार्क झालं आणि दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडे जो तो वाइनची द्राक्षं लावायला लागला. २००८ ची मंदी आली, मुंबईच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस, इंडेज कोसळली, टाक्या भरलेल्या आणि माल घ्यायला कुणी नाही. मग शेतकऱ्यांनी काय केलं, बागा उपटल्या आणि परत थॉमसनकडे, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाकडे वळले. केपचा शेतकरी कोरडवाहूत अडकलेला होता, नाशिकच्याकडे ठिबक होतं, निर्यातीचा व्यापारी दारात होता, दुसरा रस्ता होता. म्हणून इथे दुर्लक्षित बाग अशी राहिलीच नाही, पडलेल्या भावात ती सरळ निघून गेली.

दुसरं कारण हवेचं. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी, वर्षात दोनदा तिला उठवायचं, त्यात केवडा, भुरी हे बुरशीचे रोग, अवकाळी. वेल लवकर थकते. शिवाय शेनिन इथे बहुतेक स्टीलच्या टाकीत थंड करून आंबवतात, ताजी, फळांच्या वासाची, गोडसर, वर्षभरात प्यायची. गिऱ्हाइकाला तीच आवडते आणि त्याला जुनी बाग लागत नाही.

२०२४ मध्ये ओआयव्ही या द्राक्ष आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जुन्या वेलीची व्याख्या ठरवली, कागदोपत्री वय ३५ वर्षं किंवा जास्त. भारत २०११ पासून तिचा सदस्य आहे. म्हणजे नाशिकची १९९७ ची जी काही लागवड उभी असेल ती २०३२ मध्ये या व्याख्येत बसते. त्यातला कागदोपत्री हा शब्द आपल्याला नडणारा आहे. निर्यातीच्या प्लॉटची ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर नोंद होते कारण युरोप ती मागतो, वाइनची द्राक्षं मात्र करारावर वायनरीला जातात आणि लागवडीचं साल त्या कराराच्या फाइलमध्ये राहतं. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांची शेनिन अजून आहे त्यांनी नर्सरीचं बिल, कराराची झेरॉक्स, कलम भरल्याची तारीख, जे सापडेल ते आत्ताच एका पिशवीत घालून ठेवावं.