शॉटचे प्रकार आणि त्यांचा भावपरिणाम

कॅमेरा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत, किंवा संकलनानंतर एका कटपासून पुढच्या कटपर्यंत सलग दिसणारे दृश्य म्हणजे शॉट. माणूस चौकटीत किती मावला, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या वर आहे की खाली, स्थिर आहे की हलता, यांवरून शॉटची नावे पडली आहेत. लाँग शॉट म्हणजे एकटेपणा आणि क्लोज-अप म्हणजे जवळीक असे कोष्टक बहुतेक ठिकाणी शिकवतात. ते अर्धेच खरे आहे. प्रेक्षकाला भिडतो तो अंतरातला बदल. पहिल्या मिनिटापासून चेहरेच दाखवत राहिले, तर ज्या क्षणी माणसाचा कंठ दाटतो त्या क्षणी आणखी जवळ जायला जागाच उरत नाही. या नोंदीतील उदाहरणे सोलापुरातल्या चित्रीकरणाची आहेत.

चौकटीत माणूस किती

एक्स्ट्रीम लाँग शॉटमध्ये जागा मोठी आणि माणूस ठिपक्याएवढा असतो. भुईकोट किल्ल्याच्या बाजूने सिद्धेश्वर तलाव आणि पाण्यातले मंदिर घेतले, तर मंदिराकडे चालत जाणारा भाविक जेमतेम ओळखू येतो. त्यातून शांतता वाटते की असहायता, हे आधी काय दाखवले त्यावर ठरते. असा शॉट वाचायला डोळ्यांना वेळ लागतो, म्हणून तो पडद्यावर पाच-सहा सेकंद टिकला पाहिजे. क्लोज-अपला अनेकदा दोन-तीन सेकंद पुरतात. नवशिके नेमके उलटे करतात आणि मग शहर नुसते डोळ्यांसमोरून निघून जाते.

फुल शॉटमध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि त्याची चाल, उभे राहण्याची ढब बोलते. मिड शॉट कमरेपासून वर. हातवारे आणि चेहरा दोन्ही मिळत असल्याने संवादाचा बराचसा भार हाच शॉट वाहतो. मिड क्लोज-अप छातीपासून, क्लोज-अप खांद्यापासून, आणि एक्स्ट्रीम क्लोज-अप म्हणजे फक्त डोळे, ओठ किंवा बोटे. चौकटीची खालची कड गुडघा, कंबर, कोपर, मनगट किंवा मान या सांध्यांवर येऊ देऊ नये. तिथे कापले की अवयव तुटल्यासारखा दिसतो. कड सांध्याच्या थोडी वर किंवा खाली ठेवावी.

आता अंतराचा हिशेब. फुल-फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, १६:९ चौकटीत, उभा माणूस वर-खाली थोडी जागा सोडून ५० मिमी भिंगाने (मिमी जितके कमी, तितके भिंग रुंद) घ्यायचा तर सुमारे पावणेपाच मीटर मागे जावे लागते. खांद्यापासूनचा चेहरा ८५ मिमी भिंगाने १.९ मीटरवरून मिळतो. तोच चेहरा २४ मिमी भिंगाने तेवढाच मोठा हवा असेल, तर कॅमेरा जेमतेम अर्ध्या मीटरवर आणावा लागतो. नाक फुगते, कान मागे जातात, आणि समोरचा माणूस अवघडतो तो वेगळाच. बहुतेक मोबाइलचे मुख्य भिंग याच रुंद जातीचे असते, म्हणून मोबाइलवरचे क्लोज-अप चमत्कारिक दिसतात. दोष भिंगाचा नसून अंतराचा आहे. दोन पावले मागे जाऊन टेलिफोटो, म्हणजे लांब पल्ल्याचे, भिंग वापरावे. ते नसेल तर मिड शॉटवर समाधान मानावे.

यंत्रमागाच्या कारखान्यात हा हिशेब आधीच करून जावे लागते. दोन मागांमधली वाट अरुंद असते, पावणेपाच मीटर मागे सरकायला जागा सहसा मिळत नाही. फुल शॉट वाटेच्या टोकाकडून, मागांच्या रांगेच्या दिशेने घ्यावा. माणूस दोन्ही बाजूंच्या यंत्रांमध्ये उभा दिसतो आणि कामाचा रेटा न सांगता कळतो. मग तुटलेला धागा. माग थांबतो, कामगार वाकून ताण्यातली, म्हणजे उभ्या धाग्यांतली, दोन टोके शोधतो, अंगठा आणि तर्जनीत धरून गाठ मारतो, उरलेले टोक तोडतो, हात पुन्हा दांड्याकडे जातो. एवढे सगळे काही सेकंदांत होते. येथे बोटांचा एक्स्ट्रीम क्लोज-अपच हवा, आणि त्यानंतर लगेच चेहऱ्याचा मिड क्लोज-अप. बोटांच्या सफाईनंतर शांत चेहरा दिसला की वर्षानुवर्षांची सवय प्रेक्षकाला आपोआप उमगते. कामगाराला गाठ पुन्हा मारून दाखवायला सांगितले तर ती संथ आणि खोटी होते. चौकट व फोकस आधी लावून पुढच्या तुटीची वाट पाहणे हाच मार्ग.

कॅमेऱ्याची उंची

उंची हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि माणसाची प्रतिष्ठा त्यावरच ठरते. वरून खाली पाहणारा हाय अँगल माणसाला लहान करतो, खालून वर पाहणारा लो अँगल त्याला मोठा करतो. डोळ्यांच्या पातळीवरचा कॅमेरा त्याला बरोबरीचा मानतो.

जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन विडी वळणाऱ्या बाईंचे चित्रीकरण उभ्याने केले, तर कॅमेरा दीड मीटरवर आणि त्यांचे डोळे जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास असतात. त्या चौकटीत कष्ट आणि कसब हरवते, उरते ती फक्त कीव. अशी किती तरी दृश्ये कुणाचा वाईट हेतू नसताना, केवळ ट्रायपॉड खाली न केल्यामुळे तयार होतात. ट्रायपॉडचे पाय पूर्ण आत सरकवावेत, तेही उंच वाटले तर कॅमेरा पाटावर किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवावा. वरचा कोन फक्त पान, तंबाखू, दोरा आणि हातांसाठी राखावा. तिथे तो माहिती देतो, माणसाबद्दल निवाडा देत नाही.

लो अँगलचे उत्तम ठिकाण मकरसंक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. पांढरी बाराबंदी घातलेला मानकरी उंच नंदीध्वज कमरेवर तोलून चालतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवला की काठीची उंची, माणसाचा तोल आणि मागचे आकाश एका रेषेत येतात. पण आकाशाच्या उजेडाने ऑटो एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः लावलेला उजेडाचा अंदाज, फसते आणि चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर एक्स्पोजर धरला तर पांढरी बाराबंदी फुटते, कापडाच्या घड्या नाहीशा होतात. झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) ९५ टक्क्यांवर ठेवून पांढऱ्याला सांभाळावे आणि चेहरा संकलनात उचलावा. काळपट चेहरा परत उजळता येतो, जळालेले पांढरे परत येत नाही.

तिरकी चौकट अस्वस्थता देते. चार-पाच अंशांचा कल मात्र चूकच वाटतो. करायचा तर १५ अंशांच्या पुढे करावा, आणि क्वचितच.

हालचाल आणि शेजारचा शॉट

चाकांवरच्या ट्रॉलीने कॅमेरा पुढे नेणे आणि झूम करणे एक नव्हे. ट्रॉलीत मागचा-पुढचा संबंध बदलत जातो, प्रेक्षक स्वतः चालत गेल्यासारखा वाटतो. झूममध्ये चित्र नुसते मोठे होते आणि कुणीतरी बोट दाखवल्यासारखे वाटते. एक मीटर अंतर आठ-दहा सेकंदांत संथपणे कापले, तर कॅमेरा हलला हे लक्षात न येता दडपण वाढते.

शॉटचा अर्थ शेजाऱ्यावर किती अवलंबून असतो, हे सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवले. अभिनेत्याचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी सूपच्या वाडग्याशेजारी, शवपेटीशेजारी आणि एका स्त्रीच्या दृश्याशेजारी जोडला. पाहणाऱ्यांना त्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली. म्हणून क्लोज-अपमध्ये अभिनय वाढवायला सांगण्याआधी, तो कशाशेजारी लागणार हे ठरवावे.

दोघांच्या संवादात त्यांच्यामधून एक काल्पनिक रेषा जाते. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, १८० अंशांत ठेवला नाही, तर दोघे एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि बोलणे तुटते. एकाच माणसाचे दोन शॉट जोडायचे असतील तर कोनात निदान ३० अंशांचा फरक हवा, नाहीतर चित्र दचकून उडी मारते.

नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइलची नेहमीची सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटर ही जोडी कारखान्यात पट्टे आणते. २५ फ्रेम आणि १/५० ठेवावे, ५० फ्रेमच्या संथ चित्रणाला १/१००. त्याहून वेगवान स्लो-मोशन खिडकीच्या उजेडातच करावे. १/५० वर आडवा धागा घेऊन पळणाऱ्या धोट्याची नुसती रेघ उमटते, आणि वेग दाखवायला तीच योग्य.

मागावर ताणलेले हजारो समांतर धागे आणि बारीक चौकड्यांचे कापड सेन्सरच्या ठिपक्यांशी जुळून लाटांसारखी नक्षी उठवतात. ती नंतर काढता येत नाही. कोन किंवा अंतर थोडे बदलले की जाते. भिंगावर सुताची लव बसते, म्हणून आत भिंग बदलू नये. एप्रिल-मेच्या उन्हात लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतलेले चेहरे तापल्या हवेमुळे थरथरतात, असे शॉट सकाळी नऊच्या आत उरकावेत.

मोबाइलच्या उभ्या चौकटीत दोघांचा शॉट अडचणीचा होतो. माणसांना शेजारी न बसवता पुढे-मागे बसवावे लागते. उंच गोष्टींना मात्र हीच चौकट मानवते. दहा मीटर उंचीची वस्तू २४ मिमी भिंगाने आडव्या चौकटीत घ्यायला सुमारे बारा मीटर मागे जावे लागते, उभ्या चौकटीत साधारण पावणेसात मीटर पुरतात. मिरवणुकीच्या गर्दीत ही पाच मीटर सहसा मिळत नाहीत.