जहाजांच्या बॅलास्ट पाण्याचे व्यवस्थापन

माल उतरवून रिकामे झालेले जहाज पाण्यात पुरेसे बुडत नाही. त्याचा पंखा वर येतो आणि लाटांवर तोल राखणे अवघड होते. म्हणून माल उतरवताना टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतात व पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात. हेच बॅलास्ट पाणी होय. पूर्वी या कामी दगड व वाळू वापरीत. पोलादी जहाजे आणि पंप आल्यावर पाणी सोयीचे ठरले. मात्र या पाण्याबरोबर प्लवक, शिंपल्यांच्या अळ्या आणि जिवाणूही परमुलखात पोहोचू लागले.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा निमिऑप्सिस हा जेलीसारखा प्राणी १९८० च्या दशकात काळ्या समुद्रात पोहोचला आणि मांदेलीच्या कुळातील अँकोव्हीची मासेमारी तेथे कोसळली. अर्थात त्यात बेसुमार मासेमारीचाही वाटा होता. कॅस्पियन-काळ्या समुद्राच्या परिसरातील झेब्रा शिंपला १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत आढळला व त्याने पाणी खेचणारे नळ तुंबवले.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००४ मध्ये याविषयीचा करार स्वीकारला. जगाच्या ३५ टक्के जहाजी टनभार असलेल्या किमान ३० देशांची मान्यता ही त्याची अट पुरी होण्यास फिनलंडच्या सहभागापर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत, थांबावे लागले आणि तो ८ सप्टेंबर २०१७ रोजी अमलात आला. आरंभी खोल समुद्रात पाणी बदलणे चालत असे. त्यासाठी शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर, २०० मीटर खोलीच्या पाण्यात जावे लागे. सप्टेंबर २०२४ पासून मात्र सर्वसाधारणपणे जहाजावरच शुद्धीकरण करावे लागते. सोडलेल्या पाण्याच्या घनमीटरमागे ५० मायक्रोमीटर वा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असले पाहिजेत. त्यासाठी बहुधा गाळणीनंतर अतिनील किरण किंवा विजेने तयार केलेले क्लोरीन वापरतात. गढूळ बंदरांत गाळण्या तुंबतात, ही यातली खरी अडचण आहे.

कराराच्या पूर्वतयारीसाठी २००० मध्ये सुरू झालेल्या ग्लोबॅलास्ट कार्यक्रमात सहा देशांतील नमुना बंदरांपैकी मुंबई हे एक होते आणि तेथील जीवांची मूळ पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. मुंबईच्या गोद्यांत उष्णकटिबंधीय अमेरिकेतील मायटिलॉप्सिस हा शिंपला यापूर्वीच स्थिरावला होता. असे जीव जहाजाच्या तळाला चिकटूनही येतात; हा करार त्यांना लागू होत नाही आणि त्याबाबतची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक नाहीत.