कच्च्या पाट्या भाजाव्यात का? कीलाकार लिपीच्या जतनामागचा वाद

कीलाकार लिपी म्हणजे ओल्या मातीच्या पाट्यांवर पाचरीसारख्या खुणा उमटवून लिहिलेली लिपी. इ.स.पू. 612 मध्ये असिरियाची राजधानी निनेवे (आजच्या इराकमध्ये) जळाले तेव्हा तिथल्या राजग्रंथालयातल्या अशा अनेक पाट्या आगीत भाजून टणक झाल्या. मेसोपोटेमियातल्या बाकीच्या बहुतेक पाट्या, म्हणजे पावत्या, पत्रे, हिशेब, उन्हात वाळवलेल्या कच्च्या मातीच्याच राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्या युरोपात आणि नंतर अमेरिकेत पोचल्या. लंडनच्या एकाच संग्रहालयात आज पाट्या आणि तुकडे मिळून सुमारे 1,30,000 नग आहेत.

खरा शत्रू मीठ. भूजलातले क्षार मातीत मुरलेले असतात. सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतला ओलावा शोषून विरघळते, खाली आली की पुन्हा स्फटिक धरते. हे स्फटिक वरचा पापुद्रा उचलतात आणि मजकूर नेमका त्या पापुद्र्यावरच असतो. क्षार धुऊन काढावेत तर कच्ची पाटी पाण्यात विरघळते. म्हणून आधी भाजायची आणि मग धुवायची, असा मार्ग निघाला.

विसाव्या शतकात तो जवळजवळ नियमच झाला. 1930च्या दशकात इराकमध्ये उत्खननाच्या जागीच भट्ट्या लावल्या जात. सुटणारे कपचे जागेवर राहावेत म्हणून पाटी डब्यात वाळूत पुरून तापवत. संग्रहालयांतली भाजणी अधिक सावकाश होई. आधी 100 अंशांच्या आसपास ओल पूर्ण जाऊ द्यायची, मग तापमान हळूहळू 700 अंश सेल्सिअसच्या पुढे न्यायचे. घाई केली तर गाभ्यातली वाफ पाटी फोडते. जाड पाटीत हा धोका जास्त. 800च्या वर गेले तर मातीतल्या चुनखडीचा कळीचा चुना होतो, तो पुढे हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि महिन्याभराने पृष्ठभागावर खड्डे पडतात. यानंतर कित्येक आठवडे पाणी बदलत धुणे. पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पांढरट गढूळपणा येतो का, हे पाहत राहायचे. ही चाचणी क्लोराइडपुरतीच, म्हणजे साध्या मिठासारख्या क्षारांपुरतीच चालते. जिप्सम हा दुसरा क्षार तर लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळते, त्यामुळे ते चिवटपणे उरतेच.

भाजणीने हजारो पाट्या वाचल्या, हे खरेच. पण सरसकट भाजण्याचा निर्णय महाग पडला. साधारण 450 ते 600 अंशांदरम्यान चिकणमातीच्या रचनेतले पाणी निघून जाते आणि ती माती पुन्हा कधी पूर्वस्थितीत येत नाही. मातीतले परागकण आणि काडीकचरा जळतो. काही नवबाबिलोनी (इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातल्या) पाट्यांच्या कडेला शाईने अरामी या पश्चिम आशियातल्या भाषेत टिपणे लिहिलेली आहेत. ती काजळीची शाई भट्टीत टिकत नाही. मातीतली चुंबकीय नोंदही, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मातीत उमटलेली खूण, पुसली जाते.

आता कल उलटा आहे. आर्द्रता स्थिर ठेवायची, सुटलेले कपचे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक राळेने बसवायचे आणि जी पाटी खरोखर ढासळते आहे तिच्यापुरताच भट्टीचा विचार करायचा. मातीच्या लिफाफ्यात बंद असलेली पाटी वाचायला पूर्वी लिफाफा फोडत. आता सीटी स्कॅन करतात. सहाही बाजूंच्या प्रतिमा ऑनलाइन ठेवल्याने हाताळणीही घटली आहे.

2003च्या इराक युद्धानंतरच्या लुटीतून परत मिळालेल्या पाट्यांपुढे हाच प्रश्न आणखी तीव्र आहे. त्यांच्या उत्खननाची नोंद नसते, म्हणून माती कुठली हे मातीलाच विचारावे लागते. अशी पाटी भाजण्याआधी मातीचा नमुना बाजूला काढून ठेवणे आणि भाजल्याची तारीख व तापमान नोंदवणे अत्यावश्यक आहे. नाहीतर ती प्राचीन काळी भाजली होती की संग्रहालयात, हे पुढच्या अभ्यासकाला ठरवणे फार अवघड जाते.