लावणी म्हणजे नुसता शृंगार?

‘लावणी म्हणजे शृंगारिक नाच, बाकी त्यात काही नाही’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. पडद्यावर बहुतेक तशीच लावणी दिसते, त्यामुळे असा समज होणं स्वाभाविक आहे. पण तो अपुरा आहे.

मुळात लावणी ही गाण्याची रचना; नाच हे तिचं एक रूप. बैठकीची लावणी बसून, अदाकारीने गायली जाते. विषयही एकच नाही. भेदिक लावणीत कोडी असतात, अध्यात्मातले प्रश्न असतात. शाहिरांचे दोन पक्ष असत: कलगीवाले शक्तीची बाजू घेत, तुरेवाले शिवाची, आणि सवाल-जवाब रात्रभर रंगत. ‘घनश्याम सुंदरा’ ही घरोघरी म्हटली जाणारी भूपाळी लावणीकार शाहिरांचीच आहे, हे कळलं की अनेकजण थबकतात.

शृंगार भरपूर आहे, हे खरंच. पण तो कुठून आला ते पाहा. उत्तर पेशवाईत दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघालेला शिपाई कित्येक महिने घरी नसे. म्हणून विरहाच्या लावण्या इतक्या. पुढे मुंबईत गिरणगाव वाढलं, तमाशाला तिथला कामगार प्रेक्षक मिळाला, आणि गाण्यांत शहर डोकावू लागलं.

पडताळायचं असेल तर गावातल्या वाचनालयात शाहिरी काव्याचा एखादा जुना संग्रह मागा. कुठलीही दहा पानं उघडा आणि प्रत्येक लावणीत कोण कुणाशी, कशाबद्दल बोलतंय एवढंच कागदावर टिपत जा.