फेणी ‘सोसते’ म्हणजे काय?

गोव्यात अजून ऐकू येतं: ‘भट्टीची शुद्ध फेणी आहे. तोंड लाल होत नाही, डोकं चढत नाही, म्हणजे सोसते. कॅन्सर होतो तो भेसळीच्या दारूने.’ हे खरं नाही.

दारूतल्या अल्कोहोलचं, म्हणजे इथेनॉलचं, शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन होतं. ते पेशींच्या डीएनएला चिकटून त्याची मोडतोड करतं. मग एएलडीएच२ हे एन्झाइम त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करतं. काहींमध्ये या एन्झाइमचं जनुक दुबळं असतं. मग विष साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते. तरीही ते पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. हा दोष चीन, जपान, कोरियात बराच आढळतो, आपल्याकडे क्वचित. म्हणून तोंड लाल न होणं ही सुरक्षेची खूण नव्हेच. जनुक धडधाकट असलं तरी तोंडातले जिवाणू लाळेत अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतातच.

४२ टक्क्यांच्या फेणीच्या ३० मिलि पेगात सुमारे १० ग्रॅम इथेनॉल असतं. ५ टक्क्यांच्या २५० मिलि बिअरमध्येही तेवढंच. काजू की जव, पेशींना फरक पडत नाही. सोबत सिगारेट असेल तर तोंड-घशाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.